जळणात निघालेलं दार

कुडाळ-मालवण पट्ट्यात पाडायला काढलेल्या एका घराच्या खळ्यात लाकडाच्या दोन राशी होत्या. पहिल्या राशीत ओटीवरचे कोरीव खांब, गणेशपट्टीची चौकट आणि झोपाळ्याची फळी. त्यावर ताडपत्री घट्ट बांधलेली, कारण गिऱ्हाईक ठरलेलं होतं. दुसरी रास उघड्यावर. तिच्यात वासे, रिपा, माळ्याच्या चार फळ्या आणि सगळ्यांवर आडवं टाकलेलं गोठ्याचं दार. फणसाच्या पाच फळ्या, मागून तीन आडव्या पट्ट्या, जाडी सव्वा इंच. त्याचं काय करणार, असं विचारल्यावर घरधनी मान न वळवताच म्हणाले, "व्हयां तर घेवन जावा, नायतर न्हाणयेच्या चुलीत जळतलां."

त्या दोन राशींमधला फरक मला नंतर बरेच दिवस खुपत राहिला.

नक्षीला गिऱ्हाईक आहे. कोरीव खांब रिसॉर्टच्या स्वागतकक्षात जातो, जुनी चौकट एखाद्या हॉटेलात आरशाभोवती बसते. पण गोठ्याचं, मांगराचं (शेतातल्या खोपीचं), माळ्यावरचं साधं लाकूड, ज्याच्यावर कुणी कधी पटाशी चालवली नाही, ते जळणाच्या भावाने जातं किंवा फुकट. बसून लिहायला, वाचायला, लॅपटॉप ठेवायला मेज करायचं असेल तर कोरीव खांब काही कामाचा नाही. सव्वा इंच जाडीची सरळ, सपाट फळी हवी, आणि ती नेमकी त्या दुसऱ्या राशीत असते. या लाकडाने चाळीस-पन्नास पावसाळे फुगून आणि तितकेच उन्हाळे आकसून घेतलेले असतात. जी चीर पडायची ती पडून गेलेली, जो बाक यायचा तो येऊन गेलेला. बाजारात चकचकीत टेबल मिळतं ते बहुतेक वेळा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं. कडेची पट्टी सुटली की पहिल्याच आषाढात ते पाणी पितं, कड पावासारखी फुगते आणि स्क्रूची पकड जाते. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. प्लायच घ्यायचा तर आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा मरीन प्लाय किनाऱ्यावर टिकतो, पण त्याच्या एका शीटच्या पैशात जुन्या लाकडाचं अख्खं मेज होऊन वर पैसे उरतात.

हे लाकूड येतं कुठून, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही. सात-बारावर अकरा नावं, त्यातली नऊ मुंबईत. कौलं फुटतात, पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, मग एका मे महिन्यात सगळं एकदम उतरवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागातली छपरं उडवली, मे २०२१ मध्ये तौक्ते खालपासून वरपर्यंत सगळा किनारा घासून गेलं. त्यानंतर कौलांच्या जागी पत्रे आले आणि गावोगाव परसात वाशांचे ढीग लागले. पत्र्याला लोखंडी पाइप लागतो, वासा लागत नाही. असं मेज करणाऱ्याला आनंद होतो तो कुणाचं तरी घर उतरलं म्हणून, ही गोष्ट फळी कितीही घासली तरी निघत नाही. ती तशीच असू द्यावी.

लाकूड निवडताना डोळ्यांपेक्षा हात आणि कान जास्त उपयोगी. फळी एका टोकाने उचलून बोटांच्या सांध्यांनी ठोकत जावी. भरीव ठिकाणी आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्या जागी तो बसतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं. पाव इंचाहून जास्त सहज आत गेलं तर तो भाग कापायचाच. गोठ्याच्या दाराचं खालचं सहा-आठ इंच लाकूड बहुतेक वेळा गेलेलंच असतं, शेण-मुताची ओल तिथेच बसते. ते कापून टाकल्यावरही साडेपाच फुटी दारातून पाच फुटांना दोन बोटं कमी एवढी लांबी मिळते, आणि मेजाला चार फूट पुरतात. फणसाचा गाभा पिवळा असतो, उन्हावाऱ्याने तपकिरी होतो. रंध्याची एक साल काढली की आत पुन्हा पिवळाधमक निघतो. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेचं फिकट लाकूड मात्र किड्याचं खाणं. बारीक भोकं आणि त्याखाली मैद्यासारखी पूड दिसली तर किडा अजून आत आहे. भोकं जुनी, काळपट आणि पूड नाही, तर तो गेलेला. साग मिळाला तर नशीब. ऐन आणि किंजळ या रानझाडांचं लाकूड दणकट पण जड. त्यांच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असल्याने लोखंडी खिळ्याभोवती निळे-काळे डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. आंब्याच्या फळीला किडा लवकर लागतो, ती पायांना वापरू नये.

किड्याची शंका असली तर औषध स्वस्त आहे. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर १०० ग्रॅम आणि टाकणखार (बोरॅक्स) १५० ग्रॅम, चार लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवायचं. ब्रशने दोनतीनदा भरपूर पाजायचं, कापलेल्या टोकांना जास्त, आणि आठवडाभर सावलीत सुकू द्यायचं. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून त्यावर तेल किंवा वॉर्निश हवंच. डबा पोरांच्या हाताला आणि गुरांच्या तोंडाला लागू देऊ नये.

बंदरावर मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या दिसायला मोहक असतात आणि त्यांचं मेज करावंसं प्रत्येकाला वाटतं. मी कुणाला ते सुचवणार नाही. लाकडात मुरलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात फळी कायम चिकट राहते आणि तिच्यातला साधा स्क्रू दोन वर्षांत गंजून तुटतो. फारच मोह झाला तर गोड्या पाण्यात वारंवार धुऊन, महिनाभर सावलीत सुकवून, शोभेचं कपाट करावं. वादळात पडलेल्या माडाचंही तसंच. जुन्या माडाचा बाहेरचा थर दगडासारखा, करवतीचे दात बोथट करणारा. आतला गाभा भुसभुशीत. बाहेरच्या थरातून पाय चांगले निघतात, पण रुंद फळी निघत नाही.

आता खिळे. या कामातला अर्धा वेळ खिळ्यांत जातो. जुन्या दाराचे खिळे फळीतून आरपार काढून मागे वाकवून ठोकलेले असतात. आधी मागचं वाकलेलं टोक पटाशीने उचलून सरळ करायचं, मग टोकाकडून हातोडीने मारून डोकं वर आणायचं, मगच पक्कड. खिळा हलत नसेल तर उपटण्याआधी त्याच्या डोक्यावर एक नेमका फटका आत मारायचा. गंजाची पकड मोडते आणि तो सुटतो. सरळ ओढलं तर डोकं हातात येतं आणि खिळा आत राहतो. वाशांवर साधारण फुटाफुटावर रिपांचे खिळे असतात, मंगलोरी कौलांच्या मापाने. तेवढे काढले म्हणजे संपलं असं समजू नये, मधे कुणीतरी दोरी बांधायला, कंदील टांगायला ठोकलेले असतात. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवला की लपलेला खिळा सापडतो. रंध्याच्या पात्यापेक्षा चुंबक स्वस्त. सॉ मिलवाले जुनं लाकूड कापायला का कुरकुरतात, ते एकदा त्यांच्या करवतीचा तुटलेला दात पाहिला की कळतं.

दारावर तेलरंग असेल, बहुधा हिरवा किंवा निळा, तर तो कोरडा घासू नका. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ पोटात जाऊ नये, पोरांच्या तर मुळीच नाही. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने किंवा खरवडणीने काढावा, तोंडावर मास्क, खाली प्लास्टिक, आणि निघालेला रंग गोळा करून बाजूला. रंग लागलेल्या ढलप्या जळणातही टाकू नयेत. मला विचाराल तर दाराची रंगाची बाजू खाली करावी आणि आतली, गुरांनी पाठ घासून घासून गुळगुळीत केलेली बाजू वर आणावी. रंग खरवडायचं काम निम्मं होतं, शिवाय तशी झिलई कुठल्याही मशीनने येत नाही. खाली राहिलेला रंग घट्ट असेल तर त्यावर वॉर्निश चढवून तो कोंडून टाकावा. पापुद्रे निघत असतील तर तोही ओला करून काढणं आलं. आडव्या पट्ट्या वरच्या बाजूला येत असतील तर त्या उतरवून दुसरीकडून लावाव्या लागतात. खालची पट्टी कुजक्या भागाबरोबर जाते, तिच्या जागी वाशातून चिरलेली नवी.

माप घ्यायची पद्धत उलटी आहे. लांबी-रुंदी फळी ठरवते, उंची बसणाऱ्याचं कोपर ठरवतं. ज्या खुर्चीत बसणार तिच्यात बसून, हात काटकोनात धरून, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. सर्वसाधारण उंचीच्या माणसाला ते सव्वीस-सत्तावीस इंच भरतं, तयार टेबलं तीस इंचांची असतात. खांदे दुखतात ते त्यामुळे. कोपराच्या मापातून फळीची जाडी वजा केली की पायाची उंची मिळते. मांडी घालून बसणाऱ्यासाठी अकरा-बारा इंच पुरे, मग पायांऐवजी दोन जाड ठोकळे चालतात.

सांगाडा साधा ठेवावा. दोन्ही बाजूंना एकेक चौकट, मागे त्यांना जोडणारी फळी, पुढून मोकळं, म्हणजे गुडघ्याला काही लागत नाही. प्रत्येक चौकटीला अडीच-तीन इंची वाशाचे दोन पाय, वर वीस इंचांची आडवी पट्टी दीड इंच जाडीची, खाली जमिनीपासून चार इंचांवर दुसरी. ज्याचा हात पटाशीवर बसलेला आहे त्याने कूस-भोकाचा सांधा (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात) करावा, उत्तमच. इतरांनी अर्ध्या जाडीची खाच पायात आणि तेवढीच पट्टीत पाडून एकमेकांत बसवावी, पाण्याला टिकणारा मरीन फेविकॉल आणि तिरके दोन स्क्रू. खाच पाडताना पेन्सिलच्या रेघेच्या आत कापा. सैल झालेला सांधा घट्ट करायला उपाय नाही, घट्ट सांधा सैल करायला रंधा आहे. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) प्रत्येक सांध्याला लावून पाहायचाच, शिवाय चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक आला तर डिंक ओला असतानाच दाबून सरळ करायचं. मागची जोडफळी पाच इंच रुंद, एक इंच जाड, चव्वेचाळीस इंच लांब. प्रत्येक टोकाला तीन सुती दोन बोल्ट, साडेचार इंच लांबीचे, दोन्हीकडे वॉशर. इथे डिंक लावू नका. जुन्या घरांची दारं अरुंद, माळ्याच्या शिड्या त्याहून अरुंद, मेज सुटं होऊन हलवता आलं पाहिजे.

एवढं करूनही मेज डावी-उजवीकडे डुगडुगतं आणि मग माणसं स्क्रू आवळत बसतात. दोष स्क्रूचा नसतो, चौकोनाला तिरका आधार नसतो. पायापासून जोडफळीपर्यंत पंचेचाळीस अंशांत रिपेचे दोन तुकडे लावले की ते थांबतं. छपराच्या कैच्या, म्हणजे वाशांखालचे लाकडी त्रिकोण, याच नियमावर उभ्या असतात.

स्क्रू कुठलाही चालतो, हा गैरसमज किनाऱ्यावर महाग पडतो. साधा पिवळसर मुलामा दिलेला स्क्रू दोन पावसाळ्यांत तांबडा होतो. स्टेनलेस घ्यावेत. पितळी दिसायला छान, पण मऊ. जुन्या टणक फणसात डोकं तुटतं. पितळीच हवे असतील तर आधी ड्रिलने भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून आटे पाडावेत, तो काढून साबण चोळलेला पितळी बसवावा.

वरची फळी सांगाड्याला बसवताना सगळ्यात मोठी चूक होते ती म्हणजे ती जखडून टाकणं. दारं जुलैत फुगून चौकटीत अडकतात आणि जानेवारीत फटीतून वारा येतो, हे ज्याने पाहिलंय त्याला समजावून सांगायला नको. तेच मेजाचं होतं. दोन फूट रुंदीत वर्षभरात सूत-दीड सूत इकडेतिकडे. लांबीत जवळजवळ काहीच नाही. म्हणून चौकटीच्या वरच्या पट्टीतून खालून स्क्रू घालताना मधला एक नेमक्या भोकात, बाजूचे दोन मात्र अर्धा इंच लांबट खाचेत, वॉशर लावून. खाच पट्टीच्या लांबीच्या दिशेने. लाकूड हलेल तसा स्क्रू खाचेत सरकतो. जुन्या सुतारांनी दाराच्या पट्ट्या वाकवलेल्या खिळ्यांनी मारल्या त्याचं कारणही हेच. खिळा थोडा लवतो, फळीला हालचाल देतो. सव्वा इंची फळी आणि दीड इंची पट्टी असेल तर सव्वादोन इंची स्क्रू. अडीच इंची घेतला तर टोक वर येण्याइतकं जवळ जातं.

फळ्यांमधल्या फटींत पुट्टी किंवा भुसा-फेविकॉल भरायचा मोह टाळावा. उन्हाळ्यात भरलेली पुट्टी पावसाळ्यात फळ्या मिटल्या की चुरा होऊन बाहेर येते. कागदावर लिहिताना पेन फटीत जातं हे खरं, त्यासाठी एक जाड पुठ्ठा पुरतो. खिळ्यांच्या भोकांना मात्र बांबूच्या बारीक खुंट्या डिंकात बुडवून ठोकाव्यात आणि सपाट कापाव्यात. कडी-कोयंड्याचं मोठं भोक बुजवू नये. चार्जरची वायर तिथून खाली जाते.

हे सगळं करायचं कधी? दिवाळीनंतर, होळीच्या आत. श्रावणात बसवलेला सांधा माघात सैल पडतो. मेच्या उन्हात सुकत ठेवलेली फळी टोकाला तडकते, म्हणून सुकवणं नेहमी सावलीत, दोन फळ्यांमध्ये रिपेचे तुकडे घालून, वारा खेळेल असं.

पॉलिशबद्दल मतभेद आहेत. लाखेचं पॉलिश दमट दिवसात लावलं तर पांढुरकं पडतं. गॅरेजमधलं काळं ऑइल लावून लाकूड टिकवायची आपल्याकडे सवय आहे, मांगराच्या खांबाला ते ठीक, पण मेजावर कागद काळे होतात, वास जात नाही आणि त्यावर डिंक कधीच धरत नाही. काजूच्या टरफलाचं तेल किडा दूर ठेवतं, पण कातडी भाजते, ते घरात नकोच. नुसतं जवसाचं तेल फणसाला सुंदर दिसतं. पावसाळ्यात मात्र त्यावर बुरशीचे ठिपके येतात. मला पटलेला मार्ग असा: उकळलेल्या जवसाच्या तेलात निम्मं टर्पेंटाइन, पातळ हात, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, दोन दिवसांनी दुसरा हात, आठवडाभराने तेलकट वॉर्निशचे दोन हात. खालच्या बाजूलाही तेवढेच. ही खालची बाजू सगळे विसरतात, मग ओल एकाच बाजूने शिरते आणि फळी पन्हळीसारखी वाकते. आणखी एक, तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावीत.

पायांची टोकं ओल सर्वांत जास्त पितात. पावसाळ्यात लादीला घाम सुटतो, सारवलेली जमीन तर ओलीच. टोकांना वॉर्निशचे तीन-चार हात पाजून खाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे ठोकावेत. चार पाय एका पातळीत येत नसतील तर मेज सपाट लादीवर ठेवून, उचललेल्या पायाखाली पाचर घालून स्थिर करायचं. मग एका लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती रेघ ओढायची आणि रेघेवर कापायचं. अंदाजाने एकेक पाय कापत गेलं तर मेज बुटकं होत जातं आणि डुगडुगणं तसंच राहतं. जांभ्याच्या भिंतीला मेज टेकवू नये. चार बोटं जागा सोडली तर मागून वारा फिरतो.

खण करू नये हे माझं ठाम मत. किनाऱ्यावर लाकडी खण वर्षातले चार महिने उघडत नाही. त्यापेक्षा आंब्याची रिकामी लाकडी पेटी, बारीक खिळे काढून, कडा घासून, मेजाखाली आडवी स्क्रूने लावावी. पुढून उघडी, वह्या आणि वायरी राहतात. लाकूड फुकट मिळालं तर पैसे लागतात ते स्टेनलेस स्क्रू, बोल्ट, डिंक, तेल, वॉर्निश आणि पॉलिश पेपरला; बाकी कष्ट.

पहिलं वर्ष मेज थोडं बोलतं. एखाद्या थंड रात्री फळीतून टक्क आवाज येतो, लांबट खाचेत स्क्रू सरकतो तो. घाबरून तो आवळायचा नाही. जानेवारीत मागचे चार बोल्ट पाना लावून अर्धा फेरा फिरवावेत, वॉशर लाकडात रुतेपर्यंत नाही. वर्षभर मनगटं टेकतात तिथलं वॉर्निश आधी जातं. पाऊस पूर्ण थांबल्यावर तेवढाच भाग ३२० नंबरच्या पेपरने हलका घासून एक हात द्यायचा. अख्खं मेज पुन्हा खरवडायची गरज नसते.